कोल्हापूरच्या मिस्त्रीने बनवला कॅमेरा, पुण्याच्या मंडईत लागला सिनेमा

पुण्याला गेलेल्या माणसाला मंडई माहीत नाही असं होत नाही. मंडईजवळच्या आर्यन पार्किंगमध्ये अनेकांनी गाडीही लावली असेल. त्या जागी पूर्वी आर्यन थिएटर होतं. ७ फेब्रुवारी १९२० रोजी तिथे 'सैरंध्री' हा मूकपट लागला. तो काढणारे होते कोल्हापूरचे बाबूराव पेंटर.

बाबूराव कृष्णराव मिस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० चा. घरात हातकामाचा वारसा. नात्यातले भाऊ आनंदराव यांच्यासोबत ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, म्हणून लोक त्यांना पेंटर म्हणू लागले. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि दोघांना सिनेमाचं वेड लागलं. पण कॅमेरा परदेशी, परवडणार कसा? मग दोघांनी प्रोजेक्टर मिळवून त्याचाच अभ्यास सुरू केला.

प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांचं काम उलटसुलट असतं. प्रोजेक्टरमधला उजेड फिल्ममधून जातो आणि भिंग ते चित्र मोठं करून पडद्यावर टाकतं. कॅमेऱ्यात बाहेरचा उजेड भिंगातून आत येतो आणि फिल्मवर चित्र उमटतं. खरी अवघड गोष्ट म्हणजे फिल्म सरकवणं. प्रत्येक चित्रासाठी फिल्म भिंगामागे क्षणभर थांबली पाहिजे, झडप उघडून मिटली पाहिजे, मगच फिल्म पुढे. यात जरा चूक झाली की चित्र थरथरतं.

हे जुळवता जुळवता १९१६ मध्ये आनंदराव वारले. जोडीदार गेला, काम अर्धं राहिलं. पण बाबूरावांनी सोडलं नाही. विष्णुपंत दामले यांच्या मदतीने १९१८ मध्ये कॅमेरा तयार झाला. तानीबाई कागलकर यांनी पैसा दिला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

'सैरंध्री'मध्ये स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. त्या काळात ही मोठी गोष्ट होती. भीमाने कीचकाला मारण्याचा प्रसंग इतका खरा वाटला की सरकारने त्याला कात्री लावली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

शेतकऱ्यांनी बाबूरावांना आठवावं ते १९२५ च्या 'सावकारी पाश'साठी. सावकाराने जमीन गिळली म्हणून गाव सोडून शहरात मजुरीला जाणारा शेतकरी त्यांनी पडद्यावर आणला. ही भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली. देवादिकांच्या सिनेमांच्या काळात हा विषय घ्यायला धाडस लागत होतं.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर हे कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी प्रभात कंपनी काढली. बाबूरावांची कंपनी पुढे बंद पडली. १६ जानेवारी १९५४ रोजी ते गेले.

'सैरंध्री'ची प्रत आज उरलेली नाही. आर्यनही १९८३ मध्ये पाडलं गेलं. पण आज खिशातल्या मोबाईलवर शेतातला व्हिडिओ काढताना एवढं लक्षात ठेवावं, की शंभर वर्षांपूर्वी एका पडदे रंगवणाऱ्याने हेच यंत्र कोल्हापुरात हाताने जुळवलं होतं.