जेम्स यंग सिम्प्सन

महात्मा गांधी १९३६ साली वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामी राहावयास आले. त्यापूर्वी बारा वर्षे, येरवड्याच्या तुरुंगात असताना, त्यांना आंत्रपुच्छाचा विकार जडला. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मध्येच विजेचा दिवा गेला. डॉक्टरांची तारांबळ उडाली. गांधीजींना मात्र त्याची वार्ताही नव्हती, कारण त्यांना क्लोरोफॉर्म हुंगविला होता. या औषधाचा गुण जगाच्या नजरेस आणणारा डॉक्टर म्हणजे जेम्स यंग सिम्प्सन.

सिम्प्सनचा जन्म १८११ साली स्कॉटलंडमधील बाथगेट या गावी एका पाववाल्याच्या घरी झाला. घरची स्थिती बेताची. तरी मुलाची बुद्धी ओळखून घरच्यांनी त्याला चौदाव्या वर्षी एडिंबरोच्या विद्यापीठात धाडले. तेथे त्याने एका स्त्रीवरील शस्त्रक्रिया पाहिली. त्या काळी रोगी शुद्धीवर असतानाच त्याच्यावर शस्त्र चालवीत. तिच्या यातना पाहून त्याचे मन इतके विटले की, वैद्यक सोडून वकिलाकडे कारकुनी करावी असे त्याला वाटले. पण तो परतला. यातना शमविण्याचा उपाय शोधण्याचा ध्यास मात्र त्याला लागला.

अठ्ठाविसाव्या वर्षी तो प्रसूतिशास्त्राचा प्राध्यापक झाला. १८४६ साली अमेरिकेत मॉर्टनने ईथरचा प्रयोग करून दाखविला. सिम्प्सननेही ईथर वापरले. पण त्याचा दर्प उग्र, घशाला झोंबणारा. म्हणून रात्रीच्या जेवणानंतर तो व त्याचे मित्र कीथ आणि डंकन निरनिराळे द्रव स्वतःच हुंगून पाहू लागले. हे साहस जिवावर बेतणारे होते, यात शंका नाही. ४ नोव्हेंबर १८४७ रोजी त्यांनी क्लोरोफॉर्म हुंगला. प्रथम हास्यविनोदाला ऊत आला आणि थोड्याच वेळात तिघेही मेजाखाली निपचित पडले!

प्रसूतिवेदना ईश्वरदत्त आहेत, त्या शमविणे पाप होय, असा ओरडा झाला. सिम्प्सनने धर्मग्रंथांचेच दाखले देऊन त्याला उत्तर दिले. १८५३ साली खुद्द व्हिक्टोरिया राणीने प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म घेतला, तेव्हा विरोध पुष्कळ निवळला.

तथापि १८४८ सालीच, पायाच्या बोटाचे नख काढताना, एक पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्मखाली दगावली होती. दोष औषधाचा, हे सिम्प्सनने मानले नाही. येथे त्याचा आग्रह चुकीचा ठरला. या औषधाने हृदय एकाएकी बंद पडू शकते, हे पुढे सिद्ध झाले. सिम्प्सन १८७० साली वारला. १९५६ साली हॅलोथेन वापरात आले. त्यामागून आणखी निर्धोक औषधे आली आणि क्लोरोफॉर्मची बाटली शस्त्रक्रियागृहातून कायमची गेली.