कै. बाळू पालवणकर

ठाणें, कल्याण, डोंबिवली येथील मैदानांवर सुटीच्या दिवशीं ठिकठिकाणीं यष्ट्या रोंवलेल्या दिसतात. ह्या खेळाचे लेखी नियम इंग्लंडांत १७४४ सालीं झाले. दोन्ही बाजूंच्या यष्ट्यांमध्यें २२ यार्डांचें अंतर असावें, यष्टी उडाली अथवा झेल गेला कीं फलंदाजानें परतावें, हें तेव्हांपासून चालत आलें आहे. ह्या नियमांत खेळाडूची जात कोठेंच विचारलेली नाहीं. मैदानाच्या कडेस मात्र निराळे नियम चालत. ते ज्यांस सोसावे लागले, त्या पालवणकरांचें चरित्र आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावें.

बाळूंचा जन्म १८७६ सालीं धारवाड येथें एका चर्मकार कुटुंबांत झाला. घराणें मूळचें रत्नागिरी जिल्ह्यांतील पालवणचें. वडील लष्कराच्या नोकरींत असल्यानें मुलें पुण्यास वाढलीं. अंमलदारांनीं टाकून दिलेल्या सामानावर बाळू व त्यांचे बंधु शिवराम खेळ शिकले. पुढें पुण्याच्या युरोपियन क्लबांत दरमहा ४ रुपयांवर मैदान झाडणें, रोलर फिरविणें, जाळें बांधणें हीं कामें बाळू करूं लागले. ग्रेग नांवाच्या नामांकित गोऱ्या फलंदाजास सराव व्हावा म्हणून ते तासन्‌तास डाव्या हातानें चेंडू टाकीत. त्यांच्या हातीं बॅट मात्र तेथें कोणी दिली नाहीं.

त्याच गोऱ्यांस हरविण्याची पुण्यांतील हिंदु क्लबास ईर्षा होती. बाळूंस संघांत घ्यावें कीं न घ्यावें यावर बराच वाद झाला. अखेर घेतलें, परंतु चहाच्या वेळीं इतरांस मंडपांत कपबशी आणि बाळूंस बाहेर मातीचें भांडें! त्यांच्या हातचा चेंडू तर अकराहि जण झेलीत होते. चेंडूस न लागणारा विटाळ कपास कसा लागतो, हें आमच्या बुद्धीस अगम्य आहे.

प्लेगाच्या दिवसांत ते मुंबईस आले व हिंदु जिमखान्याकडून खेळूं लागले. १९०६ सालीं हिंदु संघानें युरोपियनांस १०९ धावांनीं हरविलें, त्यांत बाळूंचे ८ बळी होते. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ इंग्लंडास गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनीं मात्र परक्या हवेंत, खांदा दुखत असतांहि, ११४ बळी मिळविले.

एवढें होऊनहि हिंदु संघाचें कर्णधारपद त्यांस कधींच दिलें गेलें नाहीं. १९२० सालीं त्यांस संघांतूनच वगळलें, तेव्हां शिवराम व विठ्ठल ह्या बंधूंनीं खेळण्याचें नाकारलें. पंचांस नमावें लागलें, आणि अंतिम सामन्यास बाळू उपकर्णधार झाले. तेव्हां त्यांचें वय ४४ होतें. पुढें १९२३ सालीं विठ्ठल कर्णधार झाले व त्याच वर्षीं हिंदु संघानें चौरंगी स्पर्धा जिंकली.

१९३७ च्या निवडणुकींत बाळू डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. १९५५ च्या जुलैंत मुंबईस त्यांचें निधन झालें. विठ्ठल यांनीं आपलें आत्मचरित्र १९४८ सालीं मराठींत प्रसिद्ध केलें आहे. ज्यांस मिळेल त्यांनीं तें अवश्य वाचावें.