शेष राहिलेल्यांतील एक : विजय सॅम्युएल हजारे

दिल्लीत फिरोजशहा तुघलकाच्या कोटल्याचे भग्नावशेष आजही उभे आहेत. त्यांच्या शेजारीच क्रिकेटचे प्रसिद्ध मैदान आहे. २ नोव्हेंबर १९५१ रोजी त्या मैदानावर भारत आणि इंग्लंड यांच्यातील कसोटी सामना सुरू झाला. प्रजासत्ताक होऊन देशाला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान नुकतेच सुरू झाले होते आणि जात, धर्म, शिक्षण किंवा मिळकत न पाहता प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाच्या हाती एक मत आले होते. अशा त्या दिवसांत देशाच्या राजधानीत भारताच्या संघाचे नेतृत्व करीत जो पुरुष मैदानात उतरला, तो सांगलीचा एक मितभाषी मराठी ख्रिस्ती होता. त्याचे नाव विजय सॅम्युएल हजारे.

आपल्यापैकी ज्येष्ठांना हे नाव सांगावे लागणार नाही. तरुण वाचकांनी मात्र ते बहुधा एका करंडकाचे नाव म्हणून ऐकलेले असेल. त्या करंडकामागील माणसाचे जीवन काय होते आणि त्यातून आपण ख्रिस्ती लोकांनी काय घ्यावे, हे आज आपण पाहू.

सांगलीचे घर

हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे झाला. वडील शाळाशिक्षक होते आणि घरात आठ मुले होती. शिक्षकाच्या त्या काळच्या पगारात एवढा संसार चालवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजातील अनेक घरांना अनुभवाने ठाऊक आहे. क्रिकेट हा तर राजेरजवाड्यांचा, साहेबांचा आणि धनिकांचा खेळ मानला जाई. अशा घरातील मुलाला खेळात पुढे यायचे, तर दोनच गोष्टींचा आधार होता : स्वतःची चिकाटी आणि एखाद्या गुणग्राहक संस्थानिकाचा आश्रय.

हजारे यांना दोन्ही लाभले. १९३०च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियाचे नामवंत फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट जत संस्थानात प्रशिक्षक म्हणून आले. त्यांच्या हाताखाली हजारे यांना शिकायला मिळाले. हजारे यांची उभे राहण्याची पद्धत पुस्तकात बसणारी नव्हती. बॅट दोन्ही पॅडांच्या मध्ये धरून ते उभे राहत. ग्रिमेट यांनी ती ढब बदलू नये असाच सल्ला त्यांना दिला. शिष्याला आपल्या साच्यात ओतण्याऐवजी देवाने त्याला दिलेले ओळखणारा गुरू भेटणे, ही मोठी कृपा होय.

पुढे प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्या महाराष्ट्र संघाकडून खेळताना १९३९-४०च्या हंगामात हजारे यांनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडक स्पर्धेतील ते पहिलेच त्रिशतक. ज्या बडोद्याला त्यांनी असे झोडपले, त्याच बडोद्याच्या महाराजांनी त्यांना आपल्या पदरी घेतले आणि तेच शहर त्यांचे कायमचे घर झाले.

‘इतर’ नावाचा संघ

वाचकहो, आता आपल्याला एका विचित्र स्पर्धेकडे वळावे लागेल. मुंबईत त्या काळी क्रिकेटची सर्वांत गाजलेली स्पर्धा धर्मावर आधारलेली होती. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान यांचे चार संघ होते. १९३७ मध्ये त्यात पाचव्या संघाची भर पडली आणि ती पंचरंगी झाली. पाचव्या संघात भारतीय ख्रिस्ती, अँग्लोइंडियन, ज्यू अशा उरलेल्या सर्वांना एकत्र करण्यात आले. त्या संघाला स्वतःचे नावही मिळाले नाही. त्याला ‘द रेस्ट’ म्हणत, म्हणजे ‘इतर’.

ही विभागणी केवळ खेळापुरती नव्हती. १९३२च्या जातीय निवाड्याने आणि पुढे १९३५च्या कायद्याने भारतीय ख्रिस्ती लोकांनाही विभक्त मतदारसंघ मिळाले होते. मतपेटी वेगळी, तसाच संघही वेगळा. आपण या देशाचे कोण, या प्रश्नाला व्यवस्थेने दिलेले उत्तर एवढेच होते की, मोठ्यांची मोजणी झाल्यावर जे उरतात ते तुम्ही.

डिसेंबर १९४३ मध्ये मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर या स्पर्धेचा अंतिम सामना हिंदू आणि ‘इतर’ यांच्यात झाला. हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावांवर डाव घोषित केला. त्यात विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धावा होत्या. उत्तरादाखल ‘इतरां’चा पहिला डाव १३३ धावांत आटोपला आणि त्यांपैकी ५९ धावा हजारे यांच्या होत्या. फॉलोऑन मिळाल्यावर दुसरा डाव सुरू झाला. एकामागून एक गडी बाद होत असता हजारे एका टोकाला उभे राहिले. दुसऱ्या टोकाला त्यांचा धाकटा भाऊ विवेक येऊन उभा राहिला. या दोघा भावांनी ३०० धावांची भागीदारी केली आणि तिच्यात विवेकचा वाटा होता २१ धावांचा. संघाच्या एकूण ३८७ धावा झाल्या, त्यांतील ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या होत्या.

तरीही संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला. यशाच्या हिशेबात त्या खेळीला स्थान नाही. परंतु त्या सामन्याची आठवण निघाली की विजेत्यांच्या आधी पराभूत संघातील या माणसाचे नाव घेतले जाते. आणि विवेकच्या त्या २१ धावा विसरू नका. भावाला खेळता यावे म्हणून तासन् तास टिकून राहणे, स्वतःच्या नावावर काही जमा होत नसताना उभे राहणे, ही सेवा आपल्या मंडळ्यांमधून कितीतरी माणसे करीत असतात. त्यांची नावे अहवालात येत नाहीत.

दोन शब्दांमधील अंतर

भाषांतराचे काम करणाऱ्याला ‘रेस्ट’ या शब्दापाशी थांबावे लागते. मराठीत त्याला ‘इतर’ म्हणता येईल आणि ‘शेष’ही म्हणता येईल. दोन्ही शब्द बरोबर आहेत, पण दोघांची दृष्टी निराळी आहे. ‘इतर’ म्हणजे मोजणीबाहेर राहिलेले. ‘शेष’ म्हणजे राखून ठेवलेले. यशया संदेष्ट्याने जो इब्री शब्द वापरला, तो ‘शआर’. आपल्या मुलाचे नावच त्याने शआर-याशूब ठेवले. उरलेले लोक परत येतील, असा त्याचा अर्थ. संदेष्ट्यांच्या दृष्टीने शेष राहिलेले लोक हा इतिहासाचा गाळ नव्हता. ज्यातून देव संपूर्ण राष्ट्राला पुन्हा उभे करतो, ते बीज म्हणजे शेष. म्हणूनच शेष हा कधी स्वतःपुरता नसतो, तो सर्वांसाठी राखलेला असतो.

हजारे यांचे पुढील आयुष्य या दृष्टीने वाचावे.

धार्मिक संघांच्या त्या स्पर्धेवर महात्मा गांधींनी १९४० मध्येच नापसंती व्यक्त केली होती. १९४६ मध्ये ती कायमची बंद झाली. त्यानंतर काही महिन्यांनी, मार्च १९४७ मध्ये, बडोद्यात रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध हजारे यांनी २८८ धावा केल्या. त्यांचे जोडीदार होते गुल महंमद, ज्यांनी ३१९ धावा काढल्या. दोघांनी मिळून ५७७ धावा जोडल्या. कोणत्याही गड्यासाठी झालेल्या भागीदारीचा हा जागतिक विक्रम २००६ पर्यंत टिकला. फाळणीच्या ज्वाळा भडकू लागल्या होत्या, त्या वर्षी गायकवाडांच्या संघासाठी एक ख्रिस्ती आणि एक मुसलमान खेळाडू एकमेकांची धाव पुरी करीत होते.

जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड येथे ब्रॅडमन यांच्या बलाढ्य संघाविरुद्ध हजारे यांनी एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके केली : ११६ आणि १४५. असे करणारे ते पहिले भारतीय. दुसऱ्या डावात सहा भारतीय फलंदाज शून्यावर बाद झाले होते. भारत हरलाच, पण पडत्या घरात एक खांब उभा राहिला होता.

दिल्लीतील नोव्हेंबर

१९४९च्या मे महिन्यात दिल्लीत घटना समितीने धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा नकोत असा निर्णय घेतला. समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे स्वतः बंगाली ख्रिस्ती होते आणि या निर्णयात त्यांचा पुढाकार होता. संरक्षक कुंपण सोडून सर्वांबरोबर उभे राहण्याचे धाडस आपल्या वडीलधाऱ्यांनी त्या वेळी केले.

त्याच दिल्लीत दोन वर्षांनी हजारे भारताचे कर्णधार म्हणून प्रथमच मैदानात उतरले. सदाशिव शिंदे यांच्या फिरकीपुढे इंग्लंडचा डाव २०३ धावांत संपला. भारताच्या डावात हजारे यांच्या जोडीला कोण होते? तेच विजय मर्चंट! आठ वर्षांपूर्वी ब्रेबोर्नवर एकमेकांविरुद्ध धावांचे डोंगर रचणारे हे दोघे आता एकाच संघासाठी खेळत होते. त्यांनी २११ धावांची भागीदारी केली. मर्चंट यांनी १५४ धावा केल्या, ती तोवरची भारतीयाची कसोटीतील सर्वोच्च खेळी ठरली. आणि त्याच डावात हजारे यांनी नाबाद १६४ धावा करून ती मागे टाकली. सामना अनिर्णित राहिला. मर्चंट यांचा तो शेवटचा कसोटी सामना होता.

धावफलकावर त्या दिवशी हिंदू नव्हते, इतर नव्हते. तेथे भारत होता.

याच मालिकेत फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे भारताने एक डाव आणि ८ धावांनी इंग्लंडला हरवले. विनू मंकड यांनी सामन्यात १२ बळी घेतले. पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनी शतके केली. १९३२ पासून कसोटी खेळणाऱ्या भारताचा हा पहिला विजय. त्या संघाचे कर्णधार हजारे होते.

उणी बाजू आणि संपत्ती

चरित्र सांगताना माणसाला देवदूत करू नये. हजारे आक्रमक कर्णधार नव्हते. १९५२च्या उन्हाळ्यात लीड्स येथे भारताचे पहिले चार गडी एकही धाव न होता बाद झाले. तेथून हजारे आणि दत्तू फडकर यांनी डाव सावरला, तरी ती मालिका ३-० अशी गमवावी लागली. १९५३च्या वेस्ट इंडीज दौऱ्यानंतर त्यांची कसोटी कारकीर्द संपली. चौदा सामन्यांत नेतृत्व, एक विजय, पाच पराभव. नेतृत्वाच्या ओझ्याने एका थोर फलंदाजाचे नुकसान केले, असे मर्चंट यांचे मत होते. मागे चालण्यात ज्याचे सामर्थ्य आहे, त्याला पुढे उभे केले की काय होते, याचा विचार आपल्या मंडळ्यांनीही पुढारी निवडताना करावा.

एकूण ३० कसोटी, २१९२ धावा, ४७.६५ची सरासरी, सात शतके. प्रथम श्रेणीत अठरा हजारांहून अधिक धावा, ६० शतके आणि जवळजवळ सहाशे बळी. आज एवढ्या कर्तृत्वाचा खेळाडू लिलावात कोट्यवधी रुपयांना घेतला जातो. हजारे यांच्या काळी देशासाठी खेळण्यातून संसार चालत नसे. १९४९ मध्ये इंग्लंडमधील लँकेशायर लीगमध्ये रॉटेनस्टॉल संघाचे व्यावसायिक खेळाडू म्हणून ते खेळले. बाकी आधार बडोद्याचा. १९६० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. देशाने क्रिकेटपटूला हा सन्मान दिल्याचे ते पहिलेच वर्ष, आणि त्या वर्षीच्या दोन मानकऱ्यांपैकी ते एक होते.

१८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यात त्यांचे निधन झाले. त्यांनी मागे ठेवलेली संपत्ती बँकेच्या पुस्तकात मोजता येणारी नाही. राज्याराज्यांतील तरुण खेळाडू ज्या एकदिवसीय स्पर्धेत दरवर्षी उतरतात, तिचे नाव विजय हजारे करंडक. तेथे खेळणाऱ्या मुलाला त्याचा धर्म कोणी विचारत नाही.

वाचकहो, आपल्याला आजही कधीकधी ‘इतर’ म्हटले जाते. कधी कागदावर, कधी नजरेने. ते दुखते आणि ते दुखणे खोटे नाही. अन्याय असेल तेथे तो सनदशीर मार्गाने बोलून दाखवणे हे आपले कर्तव्यच आहे. पण दुसरा एक धोका आपल्या हाती आहे : स्वतःला ‘इतर’ मानून आपल्याच कुंपणात, आपल्याच संस्थांच्या वादांत आणि आपल्याच मोठेपणाच्या यादीत समाधान मानण्याचा. हजारे यांचे नाव आपल्या समाजाचे भूषण म्हणून आपण घेतो, ते योग्यच आहे. मात्र ते भूषण ठरले, कारण त्यांच्या धावा आपल्यापुरत्या नव्हत्या.

विजय आणि सॅम्युएल. एक नाव या मातीतले, एक पवित्र शास्त्रातले. दोन्ही त्यांनी शेवटपर्यंत बाळगली आणि एकासाठी दुसरे टाकले नाही. तुमच्या घरी, तुमच्या गावी, तुमच्या कचेरीत देवाने तुम्हाला कोणाच्या जोडीला उभे केले आहे, ते पाहा. तेथे सर्वांसाठी खेळा. शेष राहिलेल्यांना प्रभूने याचसाठी राखले आहे.