विश्लेषण : लिपस्टिकच्या नळीतून घुमलेली गिटार… कोण होते नॅथन डॅनियल?

जुन्या फेंडर आणि गिब्सन गिटारींच्या किमती सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत. त्यामुळे १९५० आणि ६०च्या दशकांतील स्वस्त इलेक्ट्रिक गिटारींना मागणी आली. त्यांत ‘डॅनेलेक्ट्रो’चे नाव मानाने घेतले जाते. एकेकाळी मुलांची गिटार म्हणून हिणवले गेलेले हे वाद्य घडवणारे नॅथन डॅनियल कोण होते आणि त्यांची गिटार ओळखायची कशी?

सुरुवात कशी झाली?

डॅनियल यांचा जन्म १९१२ मध्ये न्यू यॉर्कमध्ये, लिथुआनियातून आलेल्या ज्यू कुटुंबात झाला. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी ॲम्प्लिफायर बनवायला घेतले. १९३०च्या दशकात ते ‘एपिफोन’ कंपनीला ॲम्प्लिफायर पुरवत. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरसाठी काम केले. १९४७ मध्ये त्यांनी डॅनेलेक्ट्रो कंपनी काढली. सीअर्स आणि माँटगोमेरी वॉर्ड या टपालाने माल विकणाऱ्या बड्या कंपन्या त्यांच्या ग्राहक होत्या. १९५४ पासून न्यू जर्सीतील रेड बँक येथे गिटारी तयार होऊ लागल्या.

गिटार इतकी स्वस्त कशी?

दिखाव्यावर खर्च करायचा नाही, आवाजात मात्र तडजोड नाही, हे डॅनियल यांचे सूत्र होते. महागड्या लाकडाऐवजी त्यांनी साध्या लाकडी चौकटीच्या दोन्ही बाजूंना मेसोनाइट, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला पातळ हार्डबोर्ड लावला. कडा झाकायला खडबडीत व्हिनाइलची पट्टी चिकटवली. तारांची कंपने टिपणारा पिकअप बसवण्यासाठी लिपस्टिकच्या धातूच्या नळ्या वापरल्या. आत चुंबकाची पट्टी आणि तिच्याभोवती तारेचे वेटोळे. धातूच्या आवरणामुळे बाहेरची खरखर कमी व्हायची. यातून मिळालेला स्वच्छ, खणखणीत आवाज हीच या गिटारीची ओळख ठरली.

१९६२ मध्ये सीअर्ससाठी बनवलेल्या ‘सिल्व्हरटोन १४४८’ या गिटारीच्या पेटीतच ॲम्प्लिफायर आणि स्पीकर होता. किंमत ६७.९५ डॉलर! फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्येच सुमारे २५० डॉलरला मिळत होती. साहजिकच अमेरिकेतील असंख्य मुलांची पहिली गिटार डॅनियल यांच्या कारखान्यातली होती. पुढे ‘लेड झेपलिन’च्या जिमी पेज यांनीही डॅनेलेक्ट्रो मंचावर वाजवली.

अस्सल जुनी कशी ओळखायची?

- गिटार हातात घेताच हलकी लागते, अंग आतून बरेचसे पोकळ असते.
- कडेला व्हिनाइलची पट्टी असते. ती सुटलेली असली, तरी तेवढ्यावरून गिटार बाद ठरत नाही.
- मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी ॲल्युमिनियमची असते.
- बहुतेक गिटारींच्या घोडीवर धातूच्या पत्र्यावर लाकडाची छोटी पट्टी असते.
- पिकअप लिपस्टिकच्या नळीसारखा दिसतो.

केवळ ‘सिल्व्हरटोन’ या नावावर विसंबू नये. सीअर्सने हेच नाव हार्मनी, के अशा इतर कंपन्यांच्या गिटारींनाही दिले होते. शिवाय १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून डॅनेलेक्ट्रोच्या नव्या आवृत्त्या आशियात बनू लागल्या. त्या दिसायला जुन्यांसारख्याच असतात. त्यामुळे जुनी म्हणून पैसे मोजण्यापूर्वी सगळ्या खुणा एकत्र पडताळाव्यात.

सतारीशी नाते काय?

१९६६ मध्ये डॅनियल यांनी कंपनी ‘एमसीए’ला विकली. पुढच्याच वर्षी ‘कोरल’ या नावाने इलेक्ट्रिक सतार बाजारात आली. तिच्या रचनेत गिटारवादक विनी बेल यांचा वाटा होता. रुंद, सपाट घोडीवर तार घासून उमटणारा झणत्कार, आपल्याकडे जिला जवारी म्हणतात, तो गिटारवर आणण्याचा हा प्रयत्न होता. त्या काळच्या अनेक पॉप गाण्यांत तो ऐकू येतो.

शेवट कसा झाला?

गिटारविक्रीची लाट ओसरली आणि १९६९ मध्ये कारखाना बंद पडला. डॅनियल नंतर हवाईत स्थायिक झाले. तिथे ते बोटींच्या रचनेत रमले. १९९४ मध्ये त्यांचे निधन झाले. हार्डबोर्डची म्हणून हसण्यावारी नेलेल्या त्यांच्या गिटारी आज संग्राहक शोधत फिरतात, आणि त्या अजूनही वाजतात.