चार्ल्स रिश्टर: भूकंपाला आकडा देणारा माणूस

भूकंपाची बातमी मोबाइलवर आली की मी आधी आकडा बघतो. '४.५ रिश्टर' वगैरे. रिश्टर हा एक माणूस होता, हे मात्र मला इंजिनिअरिंग संपल्यावर कळलं!

चार्ल्स रिश्टर १९०० साली अमेरिकेतल्या ओहायोत जन्मले. ओढा भौतिकशास्त्राकडे, पण १९२७ मध्ये नोकरी मिळाली ती कॅलिफोर्नियात, पासाडेनाच्या भूकंप प्रयोगशाळेत.

तेव्हा भूकंप किती मोठा, हे मुख्यतः पडझड बघून ठरायचं. म्हणजे ओसाड माळावरचा मोठा धक्का कागदावर छोटाच राहायचा. रिश्टर यांना यंत्राच्या नोंदीवरून ठरणारा आकडा हवा होता. पण जवळच्या यंत्रावर रेघ मोठी उमटते, लांबच्यावर लहान. म्हणून आधी अंतर काढायचं. कसं? भूकंपाच्या 'पी' लाटा आधी पोचतात, 'एस' लाटा मागून. वीज आणि गडगडाटासारखंच: मधला वेळ जास्त, तितकं अंतर जास्त. तीन ठिकाणांभोवती त्या-त्या अंतराची वर्तुळं काढली, की ती जिथे मिळतात तिथे भूकंपाचं केंद्र.

दुसरी अडचण म्हणजे रेघांच्या उंचीत इतका फरक, की एका आलेखात मावेना. सहकारी बेनो गुटेनबर्ग यांनी लॉगॅरिदम वापरायला सुचवलं आणि गाडी पुढे सरकली. म्हणूनच आकडा १ ने वाढला की रेघ १० पट होते आणि ऊर्जा साधारण ३२ पट! १९३५ मध्ये हे स्केल प्रसिद्ध झालं. नाव एकट्या रिश्टर यांचं पडलं. गुटेनबर्ग यांच्यावर हा अन्याय आहे, असं ते स्वतःच म्हणत.

भूकंपाची भाकितं करणाऱ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. घरं नीट बांधा, हाच त्यांचा आग्रह.

३० सप्टेंबर १९८५ ला ते गेले. बरोबर आठ वर्षांनी, त्याच तारखेला पहाटे आपलं किल्लारी हादरलं. तीव्रता ६.२, जगाच्या मानाने मध्यम. तरी जवळपास दहा हजार माणसं गेली, कारण दगडमातीच्या जड भिंती झोपेतल्या लोकांवर कोसळल्या.

आज शास्त्रज्ञ मोठ्या भूकंपांसाठी 'मोमेंट मॅग्निट्यूड' वापरतात, बातम्यांत मात्र रिश्टरच चालतं. स्केल कुठलंही असो, आकडा जमिनीचं सांगतो. घराचं आपण बघायचं.