एमिल ख्रिश्चन हॅन्सन : एका पेशीतून शुद्ध यीस्ट

डेन्मार्कमधील रिबे या गावी ८ मे १८४२ रोजी एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांचा जन्म झाला. घरची गरिबी असल्याने तरुणपणी त्यांनी घरे रंगवण्याचे काम केले, नंतर शिकवण्या घेतल्या. विद्यापीठाची दारे त्यांच्यासाठी उघडली, तेव्हा त्यांनी तिशी गाठली होती. वनस्पतिशास्त्राची, विशेषतः बुरशींची त्यांना ओढ होती. प्राण्यांच्या शेणावर वाढणाऱ्या बुरशींवरील निबंधासाठी १८७६ साली त्यांना विद्यापीठाचे सुवर्णपदक मिळाले.

कोपनहेगनमधील कार्ल्सबर्ग बिअर कारखान्याचे मालक जे. सी. याकोब्सन यांनी १८७५ साली संशोधनासाठी प्रयोगशाळा स्थापन केली होती. १८७९ साली हॅन्सन तिच्या शरीरक्रियाशास्त्र विभागाचे प्रमुख झाले.

माल्टच्या गोड अर्कात यीस्ट मिसळले की साखरेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, त्याबरोबरच उष्णताही बाहेर पडते. कडक बिअरसाठी अर्कात साखर जास्त असते. त्यामुळे किण्वन जोरात होते, फेस पिंपाबाहेर येऊ पाहतो आणि अर्क आपोआप तापतो. तापमान वाढले की यीस्टचा वेग आणखी वाढतो आणि चव बिघडवणारी रसायने तयार होतात. म्हणून पिंपात वर मोकळी जागा ठेवणे, वायूला वाट देणे आणि अर्क थंड राखणे आवश्यक ठरते. वायू बंद खोलीत साठला तर माणूस गुदमरूही शकतो. तळाशी बसणाऱ्या यीस्टची लागर बिअर तर सुमारे १० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात आंबवतात.

पण एवढी काळजी घेऊनही बिअर कधी कडवट, कधी गढूळ होई. पाश्चर यांच्या संशोधनामुळे याचा दोष जिवाणूंना दिला जात होता. मागच्या घाण्यातील यीस्ट पुढच्या घाण्याला वापरण्याची पद्धत होती, त्यामुळे बिघाडही पुढे जाई. १८८३ साली कार्ल्सबर्गची बिअर बिघडली, तेव्हा हॅन्सन यांनी यीस्टचीच तपासणी केली. त्यात चांगल्या यीस्टबरोबर रानटी यीस्टही मिसळलेले होते. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखेच दिसत. हॅन्सन यांनी निरनिराळ्या तापमानांना बीजाणू तयार होण्यास किती वेळ लागतो, यावरून त्यांतील फरक ओळखला.

यीस्ट वेगळे करण्यासाठी त्यांनी साधा मार्ग काढला. यीस्ट असलेले द्रव ते इतके विरळ करत, की त्याच्या ठरावीक भागात सरासरी एकच पेशी यावी. असा एकेक भाग निर्जंतुक अर्काच्या चंबूत टाकून, चंबू हलवून स्थिर ठेवला जाई. चंबूच्या काचेवर एकच पांढरा ठिपका उमटला, तर ती सारी संतती एका पेशीची. १२ नोव्हेंबर १८८३ रोजी असे शुद्ध यीस्ट कारखान्यात प्रथम वापरले गेले. प्रारंभी साशंक असलेल्या याकोब्सन यांची परिणाम पाहून खात्री पटली. पुढे हॅन्सन यांनी क्यूले या सहकाऱ्यासोबत शुद्ध यीस्ट मोठ्या प्रमाणावर वाढवणारे उपकरणही बनवले.

या शोधाचे पेटंट घेऊन अमाप पैसा मिळवता आला असता. परंतु प्रयोगशाळेचे निष्कर्ष गुप्त ठेवायचे नाहीत, असा तिचा नियमच होता. याकोब्सन यांनी हे यीस्ट इतर कारखान्यांनाही खुले केले. १९०८ साली हॅन्सन यांनी त्याला ‘सॅकरोमायसीस कार्ल्सबर्गेन्सिस’ असे नाव दिले. पुढच्याच वर्षी, २७ ऑगस्ट १९०९ रोजी त्यांचे निधन झाले.

दारूचे दुष्परिणाम आज सर्वज्ञात आहेत. हॅन्सन यांची पद्धत मात्र दारूच्या पिंपापुरती राहिली नाही. हेपॅटायटिस-बी प्रतिबंधक लशीतील प्रथिन तयार करणारे यीस्टही असेच, एकाच पेशीच्या संततीतून वाढवले जाते.