बाळकृष्ण विश्वनाथ केसकर

डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर (१९०३ – १९८४) हे भारतीय राजकारणी, संगीताचे अभ्यासक आणि केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री होते. १९५२ ते १९६२ या काळात त्यांनी हे खाते सांभाळले. चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून दूर सारून शास्त्रीय संगीत आणि चित्रपटाबाहेरचे नवे सुगम संगीत श्रोत्यांपर्यंत नेण्याचा त्यांनी प्रयत्न केला. भारतीय नभोवाणीच्या इतिहासातील हे एक अत्यंत वादग्रस्त धोरण ठरले.

पूर्वजीवन

केसकरांचा जन्म पुण्यात एका मराठी कुटुंबात झाला. त्यांचे शिक्षण वाराणसीच्या काशी विद्यापीठात झाले व तेथे त्यांनी काही काळ अध्यापनही केले. पुढे पॅरिस येथील सॉरबॉन विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. स्वातंत्र्य चळवळीत भाग घेतल्यानंतर ते काँग्रेस पक्षाचे सरचिटणीस झाले. स्वातंत्र्यानंतर त्यांनी परराष्ट्र खात्याचे उपमंत्री म्हणून काम केले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते उत्तर प्रदेशातील सुलतानपूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले आणि त्यांच्याकडे माहिती व नभोवाणी खाते आले. त्यांनी धृपद गायकीचे शिक्षण घेतले होते. त्यामुळे खात्याच्या संगीतविषयक निर्णयांत ते स्वतः लक्ष घालत.

संगीतविषयक धोरण

संस्थाने विलीन झाल्यावर गायक-वादकांचा राजाश्रय संपला होता. ही जागा आता आकाशवाणीने घ्यावी, अशी केसकरांची भूमिका होती. २० जुलै १९५२ रोजी संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. शनिवारी रात्री होणाऱ्या या कार्यक्रमामुळे एकाच कलावंताचे गायन वा वादन देशभरातील केंद्रांवरून ऐकू येऊ लागले. त्याच वर्षी दिल्ली केंद्रावर वाद्यवृंदाची स्थापना झाली. पंडित रविशंकर हे त्याच्या पहिल्या संचालकांपैकी एक होते. १९५४ पासून आकाशवाणीची संगीत संमेलने भरू लागली.

कलावंतांची निवड करण्यासाठी ध्वनिचाचणीची पद्धत कडक करण्यात आली. या कामी मुंबईचे संगीतज्ञ पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्याकडे प्रमुख जबाबदारी होती. या पद्धतीमुळे घराण्याचे नाव वा ओळख नसलेल्या कलावंतालाही आकाशवाणीचे दार उघडले गेले. मात्र वर्षानुवर्षे गाणाऱ्या कलावंतांना पुन्हा परीक्षेला बसावे लागल्याने तीव्र असंतोष निर्माण झाला. हार्मोनियमवर आकाशवाणीत १९४० पासून असलेली बंदी केसकरांच्या काळातही कायम राहिली.

चित्रपटगीतांचा वाद

चित्रपटगीतांचे शब्द सवंग असून त्यांच्या चालींवर पाश्चात्त्य संगीताचे अनुकरण लादले जाते, असे केसकरांचे मत होते. १९५२ मध्ये आकाशवाणीवरील चित्रपटगीतांचा वेळ मोठ्या प्रमाणात घटवण्यात आला. प्रसारणापूर्वी गाणी तपासली जाऊ लागली. चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरते, या कारणाने निवेदनातून ते वगळण्यात आले. यामुळे संतापलेल्या निर्मात्यांनी गीतांच्या प्रसारणाचे परवाने मागे घेतले आणि काही महिन्यांतच आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली.

श्रोते मात्र रेडिओ सिलोनकडे वळले. डिसेंबर १९५२ मध्ये सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. अमीन सयानी यांनी सादर केलेला हा कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, कोलंबोहून प्रसारित होई आणि पुन्हा भारतात ऐकला जाई. लघुलहरींवरील प्रक्षेपण शेकडो मैल दूर पोहोचत असल्याने ते ऐकण्यासाठी जवळ केंद्र असण्याची गरज नव्हती. त्या काळी हैदराबाद राज्यात असलेल्या बीडसारख्या जिल्ह्याचे स्वतःचे आकाशवाणी केंद्र नव्हते, तरी तेथील संचावरही सिलोन लावता येत असे. दिल्लीत घेतलेला निर्णय श्रोत्याला बटण फिरवण्यापासून रोखू शकत नव्हता.

सुगम संगीताची निर्मिती

चित्रपटगीते वगळल्याने निर्माण झालेली पोकळी भरण्यासाठी आकाशवाणीच्या निरनिराळ्या केंद्रांवर सुगम संगीत विभाग उभारण्यात आले. कवींकडून गीते लिहून घेऊन, संगीतकारांकडून त्यांना चाली लावून ती प्रसारित करणे हे या विभागांचे काम होते. साहित्यिक व संगीतकारांना निर्माते म्हणून नेमण्याची प्रथाही याच काळात रुजली.

मराठीत भावगीताची परंपरा आधीपासून होती. गजाननराव वाटवे यांच्यासारख्या गायकांनी ती मैफलींतून आणि ध्वनिमुद्रिकांतून लोकप्रिय केली होती. त्यामुळे मराठी केंद्रांना नव्याने सुरुवात करावी लागली नाही. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, याच केंद्रावरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. केंद्राचे सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने साकारलेल्या या मालिकेत ग. दि. माडगूळकर यांची ५६ गीते होती व त्यांना सुधीर फडके यांनी संगीत दिले होते. दर आठवड्याला नवे गीत लिहिले जाई, बसवले जाई व प्रसारित होई. माडगूळकर आणि फडके हे दोघेही चित्रपटसृष्टीत प्रस्थापित होते. चित्रपटाबाहेरच्या संगीताचे रेडिओवरील हे सर्वांत मोठे मराठी यश चित्रपटाशी जोडलेल्या कलावंतांच्याच हातून घडले. पुढे यशवंत देव यांच्यासारख्या संगीतकारांनी आणि मुंबई केंद्राच्या भावसरगम या कार्यक्रमाने नवे भावगीत घरोघरी नेले.

विविध भारती

सुगम संगीताची ही निर्मिती देशपातळीवर चित्रपटगीतांना पर्याय ठरली नाही. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने विविध भारती ही मनोरंजनाची स्वतंत्र सेवा सुरू केली. तिच्या उभारणीत हिंदी कवी पंडित नरेंद्र शर्मा यांचा प्रमुख वाटा होता. या सेवेत चित्रपटगीतांना मोठे स्थान मिळाले. ज्या मंत्र्याच्या कारकिर्दीत ही गीते आकाशवाणीवरून गेली होती, त्याच्याच कारकिर्दीत ती परतली.

उत्तरायुष्य

१९६२ च्या निवडणुकीत पराभव झाल्याने केसकरांचे मंत्रिपद संपले. त्यानंतर ते नॅशनल बुक ट्रस्टचे अध्यक्ष होते. भारतीय संगीताचे प्रश्न आणि भवितव्य या विषयावर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

लोकांना काय आवडावे हे शासनाने ठरवले, हा केसकरांवरील मुख्य आक्षेप आहे. उत्तर भारतीय संगीताच्या ऱ्हासाची कारणे सांगताना त्यांनी मुस्लिम गायक-वादकांच्या परंपरेला न्याय दिला नाही, अशीही टीका अभ्यासकांनी केली आहे. दुसरीकडे, शास्त्रीय कलावंतांना मिळालेले नियमित मानधन, देशव्यापी श्रोतृवर्ग आणि आकाशवाणीच्या संग्रहातील ध्वनिमुद्रणे हे त्यांच्या धोरणाचे टिकाऊ फळ मानले जाते. चित्रपटगीतांवरील निर्बंध पाच वर्षांत मागे पडले. केंद्रांवर नव्या रचना करून घेण्याची प्रथा मात्र त्यांच्यानंतरही चालू राहिली.